संशोधकांचे प्रश्न : किती घरे, किती क्यूब, किती हळद?

सांगली-सातारा भागातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिल्या तिघांचे विषय वेगळे, पण अडचण एकच आहे. मोजणी सुरू झाली, तेव्हा कशाची कशाशी तुलना करायची हे पक्के ठरलेले नव्हते.

प्रश्न : नदीकाठच्या तीन गावांतल्या पूरग्रस्त कुटुंबांचे सर्वेक्षण करते आहे. तिन्ही गावे मिळून सुमारे १,२०० कुटुंबे. सर म्हणतात १०० पुरेत. मैत्रीण म्हणते दहा टक्के घे. किती घेऊ आणि कशी निवडू? — एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी, पलूस

उत्तर : दहा टक्क्यांचा नियम विसरा. त्याला आधार नाही. अंदाज किती नेमका येईल हे मुख्यतः नमुन्यातल्या घरांच्या संख्येवर ठरते, गावाच्या किती टक्के घेतली यावर नाही. ९५ टक्के खात्रीने अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवे असेल तर हिशेब असा (१.९६ हा ९५ टक्के खात्रीचा गुणक, ०.५ म्हणजे निम्मे ‘हो’ आणि निम्मे ‘नाही’ म्हणतील असे धरलेले) : १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४. तुमची कुटुंबे १,२०० च असल्याने ३८४ ÷ (१ + ३८३ ÷ १,२००) = २९१. हीच कुटुंबे १२,००० असती तर ३७२ लागली असती. लोकसंख्या दहापट झाली तरी नमुना सव्वापटीच्या आसपासच वाढतो.

१०० घरे घेतलीत तर उत्तर अधिक-उणे साडेनऊ टक्क्यांचे येईल. म्हणजे ४६ टक्के लोक ‘भरपाई अपुरी’ म्हणाले, तर खरा आकडा साडेछत्तीस ते साडेपंचावन्नमध्ये कुठेही असू शकतो. बहुतेकांना भरपाई अपुरी वाटते की नाही, एवढेही त्यावरून सांगता येणार नाही. सरांना हे गणित कागदावर मांडून दाखवा. वेळ खरोखरच कमी असेल तर १०० घ्या, पण ती मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा.

दहातले एक कुटुंब भेटणार नाही असे धरून २९१ ÷ ०.९, म्हणजे ३२४ कुटुंबे निवडा. यादीसाठी ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, मिळवा. मात्र त्यात घरे असतात, कुटुंबे नसतात. एका घरात दोन चुली असतील तर एकच नोंद सापडते; भाडेकरू आणि गायरानातली खोपटी बहुधा सुटतात. पुरात सर्वात जास्त भरडली जाणारी नेमकी हीच माणसे असतात. म्हणून अंगणवाडी सेविका आणि आशाताईंबरोबर एक दिवस वस्ती फिरून यादी पुरी करून घ्या. हा दिवस वाचवू नका. यादीच अपुरी असेल तर पुढचे सगळे गणित फुकट जाते.

यादी वॉर्डवार लावली की नदीकडची आणि उंचावरची घरे आपोआप प्रमाणात येतात. १,२०० ÷ ३२४ म्हणजे ३.७. शून्य ते ३.७ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. समजा २.१ निघाला, तर २.१, ५.८, ९.५, १३.२ असे ३.७ मिळवत जा आणि प्रत्येक आकडा वर पूर्ण करा : ३, ६, १०, १४ क्रमांकाची कुटुंबे. घराला कुलूप दिसले की शेजारच्या घरी जायचे नाही. जे दिवसा घरी असतात ते म्हातारे किंवा दुकानदार. रानात गेलेला मजूर अशाने गळतो. संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा, आणि तिसऱ्यांदाही जा.

प्रश्नावलीतली मोठी अडचण आठवणीची आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. ‘कोरोनाच्या आधीचा’ आणि ‘कोरोनातला’ असे विचारा. भिंतीवर पाण्याची खूण असेल तर टेपने उंची घ्या. ‘एकूण नुकसान किती?’ असे विचारले की गोल आकडा येतो. जनावरे, धान्य, भांडी, भिंत, पीक असे एकेक विचारा. बोलायला बसतानाच सांगा, की हा सरकारी पंचनामा नाही आणि यातून भरपाई मिळणार नाही. हे न सांगता घेतलेले आकडे फुगतात. शिवाय आधीच होरपळलेल्या माणसाला खोटी आशा लावणे बरे नाही. आणि आधी, नमुन्याबाहेरच्या एखाद्या गावात १५ घरांवर प्रश्नावली चालवून पाहा.

प्रश्न : सिमेंटच्या जागी १० टक्के बगॅस राख (उसाच्या चिपाडाची राख) घालून काँक्रीटचे क्यूब (चाचणीचे घन ठोकळे) केले. २८ दिवसांची ताकद २४, ३१ आणि २५ आली (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर). ३१ चा क्यूब सोडून सरासरी काढली तर चालेल का? — स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : चालणार नाही. तिन्हींची सरासरी २६.७. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एकेक क्यूब सरासरीच्या अधिक-उणे १५ टक्क्यांत, म्हणजे इथे २२.७ ते ३०.७ मध्ये हवा. ३१ बाहेर गेला म्हणून तो एकटाच बाद होत नाही, हा पूर्ण निकाल बाद होतो. नवीन क्यूब भरा.

आधी कारण शोधा. क्यूब पाण्यातून काढल्यावर ओलाच दाबायचा असतो. वाळलेला क्यूब जास्त ताकद दाखवतो. थापीने घोटलेली बाजू प्लेटखाली येऊ द्यायची नाही, क्यूब आडवा ठेवायचा. भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या गतीने वाढवायचा. १५० मिमी क्यूबसाठी ते सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन होते. शेवटचा क्यूब घाईने दाबला गेला की आकडा चढतो.

खरा दोष बऱ्याचदा राखेत असतो. बॉयलरची राख ओली असते आणि तिच्यात न जळलेले काळे तंतू असतात. तो कार्बन पाणी पितो, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) पडतो, मग कुणीतरी मिक्सरमध्ये मगभर पाणी ओततो, आणि ताकद गेली ती राखेमुळे की पाण्यामुळे हे कधीच कळत नाही. राख एकाच बॉयलरची, एकाच दिवशी उचललेली घ्या. १०५ अंशांवर वाळवा, दळा, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर किती उरते ते नोंदवा, आणि ज्वलनघट (राख खूप तापवल्यावर वजनात होणारी घट) तपासा. फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या राखेच्या) मानकात ती ५ टक्क्यांच्या आत लागते. बगॅस राखेलाही तीच कसोटी लावून पाहा. पाणी-बाइंडर (सिमेंट अधिक राख) प्रमाण सगळ्या मिश्रणांत तेच ठेवा. स्लंप राखायचा तर सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणाऱ्या रसायनाने) राखा.

एका घाण्यातले (एकदा कालवलेल्या मिश्रणातले) तीन क्यूब म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो घाणा एकदाच कालवला, त्यातली चूक तिन्हींत सारखीच उतरते. ०, १० आणि २० टक्के अशी तीन मिश्रणे घ्या, प्रत्येकाचे वेगवेगळ्या दिवशी तीन घाणे, आणि २८ व ५६ दिवसांसाठी तीन-तीन क्यूब : एकूण ५४. शून्य टक्क्याचा घाणा आणि राखेचे घाणे एकाच दिवशी होऊ द्या, आणि त्यांचा क्रम दरवेळी बदला. राखेची क्रिया संथ असते, म्हणून ५६ दिवस सोडू नका.

प्रश्न : दोन शेतांतल्या सेलम आणि राजापुरी या जातींच्या हळदीत कुर्क्युमिन (हळदीचे पिवळे रंगद्रव्य) मोजतो आहे. त्याच पुडीचे आकडे रोज वेगळे येतात. — एमएस्सी रसायनशास्त्र, सांगली

उत्तर : बहुतेक प्रकाश आणि ओलावा यांमुळे. द्रावण तपकिरी फ्लास्कमध्ये किंवा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी वाचा. पुडीचा ओलावा काढून उत्तर कोरड्या वजनावर द्या.

१०० मिलिग्रॅम पूड इथेनॉलमध्ये काढून १०० मिली करा, गाळून दहापट पातळ करा, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरला वाचा. कुर्क्युमिन ३ टक्के असेल तर मिलीमध्ये ३ मायक्रोग्रॅम, म्हणजे शोषण (द्रावण किती प्रकाश शोषते त्याचा आकडा) सुमारे ०.४८ यायला हवे. कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या द्रावणांवरून तुलनेची रेषा काढणे) १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ही पद्धत एकूण कुर्क्युमिनॉइड (कुर्क्युमिन आणि त्याची भावंडे) मोजते; एकट्या कुर्क्युमिनसाठी एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) लागते. प्रबंधाच्या शीर्षकात तसाच शब्द वापरा.

मोठी अडचण मात्र दुसरीच आहे. सेलम एका शेतातले आणि राजापुरी दुसऱ्या शेतातले असेल, तर फरक जातीचा की जमिनीचा, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. दोन्ही जाती लावलेली निदान चार-पाच शेते शोधा, सगळीकडून हळकुंडेच घ्या (जेठे गड्डे मिसळू नका), आणि शिजवणे व पॉलिश सारखे ठेवा.

प्रश्न : ‘यूजीसी केअर’ (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांची यादी) असे लिहिणाऱ्या एका जर्नलने ४८ तासांत पेपर छापतो म्हणून पैसे मागितले आहेत. देऊ का? — पीएचडी करणारी वाचक, सातारा

उत्तर : देऊ नका. दोन दिवसांत परीक्षण होत नाही. केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तिचा हवाला देऊन आज कुणी पैसे मागत असेल तर तीच धोक्याची खूण समजा. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्तीही राहिलेली नाही. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते शिवाजी विद्यापीठाच्या पीएचडी विभागात लेखी विचारून घ्या. जर्नल स्कोपसमध्ये (संशोधन जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची) आहे असा दावा असेल तर स्कोपसच्या यादीत आयएसएसएन (जर्नलचा ओळख) क्रमांकाने शोधा, आणि तिथून मिळालेल्या पत्त्यावरच पेपर पाठवा. चांगल्या जर्नलच्या नावाने चालणाऱ्या बनावट वेबसाइटवर नाव आणि क्रमांक खरे असतात, पैसे भरायचे खाते तेवढे दुसऱ्याचे असते.