मेंदूच्या ऑपरेशननंतर वडिलांना लहानपणचं सगळं आठवतं, पण सकाळी काय झालं ते आठवत नाही. असं का होतं? स्मृती परत येते का?

माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं ऑपरेशन २०१९ च्या पावसाळ्यात झालं. नाशिकला लागून मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. आप्पांच्या मेंदूत अगदी मधोमध कोलॉइड सिस्ट नावाची गाठ होती. कर्करोगाची नव्हती, पण मेंदूतल्या पाण्याची वाट अडवायची. गाठ निघाली, डोकेदुखी थांबली. घरी आल्यावर चहा प्यायले आणि दहा मिनिटांनी मला विचारलं, "आज चहा नाही का गं?" मला वाटलं, अशक्तपणा असेल. तो अशक्तपणा नव्हता.

तुमच्या वडिलांचं ऑपरेशन नेमकं कुठल्या भागाचं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आप्पांच्या बाबतीत जे समजलं ते सांगते. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस असतो. घडलेली गोष्ट पक्की करून ठेवायची तर त्याच्याशिवाय होत नाही. त्याच्यातून निघणारा तंतूंचा जुडगा, फॉर्निक्स, बरोबर त्या गाठीला खेटून जातो. त्याला इजा झाली की जुन्या आठवणी बऱ्याचशा जागेवर राहतात, नवीन मात्र साठत नाहीत. डॉक्टरांनी हा धोका आधी सांगितला होता. आम्ही सही करताना फक्त "जीव वाचेल" एवढंच ऐकलं.

हे जगाला कळलं ते अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या माणसामुळे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण २००८ मध्ये जाईपर्यंत नव्या ओळखी, नव्या घटना त्याच्या मनात टिकल्या नाहीत. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला आणि दर वेळी तो म्हणायचा, हे मी आधी कधी केलेलंच नाही. हाताची आठवण आणि घटनेची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहते, हे तिथे दिसलं.

मी हे वाचलं नंतर. आधी बागेत पाहिलं. त्या ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालू होती. हवापालट म्हणून ह्यांनी आप्पांना बागेत नेलं, तर आप्पांनी मजुराच्या हातातली कात्रीच घेतली. काडी वाकवायची, जाडी बघायची, तिच्यावरचे डोळे, म्हणजे फूट येते त्या जागा, मोजायचे आणि चट्. अख्खी ओळ एकाही चुकीशिवाय. ओळीच्या टोकाला पाणी प्यायले, वळले आणि म्हणाले, "यंदा छाटणी कधी धरायची?"

मी तिथेच बांधावर बसून रडले.

पुढे आम्ही बॅटरीची कात्री आणली. ती त्यांच्यासाठी पूर्ण नवीन होती. आजही रोज सकाळी विचारतात, "हे कुठलं नवीन?" पण विचारताना बोट आपोआप खटक्यावर गेलेलं असतं.

आमची एक मोठी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. पाहुणे आले की आम्ही परीक्षा घ्यायचो. "ओळखा बघू कोण?" "आज वार कोणता?" आप्पा अंदाजाने काहीतरी बोलायचे आणि पुढच्या वेळी तेच चुकीचं उत्तर पुन्हा यायचं. चूक झाल्याची आठवण राहत नाही, पण तोंडाला लागलेली चूक राहते. म्हणून अशा माणसाला शिकवताना अंदाज करायला लावायचा नाही, बरोबर उत्तर आपणच आधी द्यायचं, असं तज्ज्ञही सांगतात. आता मी खोलीत शिरतानाच म्हणते, "आप्पा, मी तुमची धाकटी सून, आज गुरुवार आहे, जेवण झालंय." त्यांच्या कपाळावरची आठी त्यानंतर कमी झाली.

परत येते का? नुसती सूज असेल तर ती उतरते तशी आठवण सुधारते, आणि पहिल्या काही महिन्यांत बराच फरक पडू शकतो. तंतूच तुटले असतील तर पूर्ण भरून येणं अवघड. आप्पांचं थोडं सुधारलं, सगळं नाही. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, कुठल्या भागाला इजा आहे, एका बाजूला की दोन्ही. स्मृतीची सविस्तर तपासणीही करून घ्या.

आणि वडील आयुष्यभर जे काम करत आले, ते त्यांच्या हातात देऊन बघा, पण शेजारी थांबा. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट आम्ही आप्पांना लावू देत नाही. ती विषारी असते, आणि हातमोजे घातले होते की नाही, हे त्यांना पाच मिनिटांनी सांगता येत नाही.