परतीचा पाऊस लांबला की तांबडी भाजी (लाल माठ) वाफ्यातच कुजते. गोव्यात काय करता येईल?

बहुतेक वेळा दोष सपाट वाफ्याचा असतो. भात कापलेल्या शेतातली चिकण माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, जमिनीलगत देठ काळं पडतं आणि रोप आडवं होतं. मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा. दोन वाफ्यांमधल्या चरातलं पाणी बांधाबाहेर निघालं पाहिजे, नुसतं कोपऱ्यात साचून उपयोग नाही.

बी चौरस मीटरला ग्रॅमभर पुरे, दसपट कोरड्या वाळूत मिसळून. (मूठ भरून फेकायची सवय सुटत नाही, घात तिथेच होतो.) पेरण्याआधी किलोभर बियाला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोप कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) या प्रमाणात चोळा. सगळं बी एकदम संपवू नका. दर ८-१० दिवसांनी एक वाफा. भाजी २५-३० दिवसांत काढणीला येते, त्यामुळे अवकाळी सरीत एखादाच कोवळा वाफा जातो.

वांगी-मिरचीची रोपं मात्र छपराखालीच.

बेळगावची भाजी घाटातून येते. दरड कोसळली की इथे भाव चढतो. म्हणून घरची भाजी पिकवता यावी यासाठी सात शिरांची भेंडी, ताळगावची वांगी या गोव्याच्या वाणांचं बी खडखडीत सुकवून, राखेत घालून, दोन वेगळ्या घरी ठेवा.