तोंडी सगळं येतं हो, लिहायलाच नको!

"बाई, तोंडी विचारा, घडाघडा सांगेल. लिहायला बसवलं की अंगात आळस." पहिली घटक चाचणी झाली की हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येतं. २१ वर्षं वर्गात शिकवलं, आता शाळेतच समुपदेशन करते. माणसं बदलतात, वाक्य तेच. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

सहावीतला मुलगा. आईची तक्रार वरची. वर्गशिक्षकांची वेगळी: तासाला दंगा, आठवड्यातून तीनदा तरी वर्गाबाहेर.

पहिल्या भेटीत मी वही काढलीच नाही. वडिलांची दुधाची लाइन, पहाटे हा सायकलवरून पिशव्या टाकतो, एवढं कानावर आलं होतं.

"किती घरं तुझ्याकडे?"

"बत्तीस."

"लिहून नेतोस?"

तो हसला. "कशाला? दुसऱ्या मजल्यावर तुळशीवाल्या आजी, अर्धा लिटर गाईचं. समोर चपलांचा मोडका स्टँड, तिथे एक लिटर. बँकवाले काका गावाला गेलेत, सोमवारपासून द्यायचं."

बत्तीस घरं नुसती दारांवरून पाठ! आळशी पोर पहाटे उठून हे करत नाही.

मग वही पाहिली. 'भरत'चं 'मरत', 'धन'चं 'घन', 'सूर्य'चा रफार गायब. फळ्यावरून उतरवलेलं वाक्य मध्येच सोडलेलं. बासष्ट ऐकून २६ लिहिलेले. मराठीत दोन आधी ऐकू येतात, साठ नंतर, त्यामुळे लहान वर्गांत ही गफलत बरीच मुलं करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण सहावीतही ती गफलत सुटत नसेल तर थांबून बघायला हवं.

चौथ्या भेटीत मी त्याच्यापुढे न शिकवलेला उतारा ठेवला. त्याला लगेच तहान लागली. परत आला, बाकाला लाथ मारली, पेनाचं टोपण टकटक वाजवायला लागला. मी पुस्तक ओढून घेतलं. "तू नको वाचूस. मी वाचते, ऐक."

पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर. एकाचं उत्तर तर उताऱ्यात नव्हतंच, त्याने स्वतः काढलं. मी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने टोपणाकडे बघत तो बोलला.

"बाई, दंगा केला की सर बाहेर उभं करतात."

"मग?"

"बाहेर वाचायला लागत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन गेले. मूल असं का वागतं, यापेक्षा त्या वागण्याने त्याचं काय साधतं ते बघावं, हे मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्याकडून शिकले. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या शिक्षकांबरोबर बसून ते अशाच मुलांविषयी बोलत. हा मुलगा सगळ्या वर्गासमोर 'ढ' ठरायला तयार नव्हता, त्यापेक्षा 'दंगेखोर' परवडलं. दंगेखोराला निदान मित्र तरी असतात. वर्गात शिकवताना मीही अशा वह्यांवर लाल शाईने 'अक्षर सुधारा' लिहीत आले. त्यातल्या काही वह्या अजून डोळ्यांपुढे येतात.

आईंना मी आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं, मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचताना, लिहिताना, आकडे मांडताना येणाऱ्या अडचणीची तपासणी. मुंबईत पालिकेच्या शीव, केईएम आणि नायर रुग्णालयांत ती होते. एका फेरीत उरकत नाही, धीर धरावा लागतो.

"पण बाई, प्रमाणपत्र घेतलं की पोरावर शिक्का बसेल ना?"

"'आळशी'चा शिक्का बसून चार वर्षं झाली, ताई. त्याने काय मिळालं?"

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीला अशा मुलांना तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिकही. यात बुद्धी कमी असण्याचा प्रश्नच नाही. बुद्धी चांगली असते म्हणून तर ही मुलं इतकी वर्षं झाकून नेतात.

घरी शुद्धलेखनाची पानंच्या पानं आधी बंद करा. धडा तुम्ही वाचा, त्याने ओळीखाली बोट फिरवत ऐकावा, रोज फार तर पंधरा मिनिटं. ताटात रवा पसरून 'भ' बोटाने गिरवू द्या, आणि तो पक्का होईपर्यंत 'म' काढू नका. उत्तर आधी तोंडी घ्या, मग त्यातलं एकच वाक्य लिहायला सांगा.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच असते, की अशा मुलाला अचानक उभं करून वाचायला लावू नका. उद्या कुठला परिच्छेद त्याच्या वाट्याला येणार, ते आज सांगा.

याच्या सरांनी ते मनापासून केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला वर्गात बोलावलं. तो उभा राहिला, बोट ओळीखाली. तीन ओळी झाल्या, 'सूर्य'पाशी बोट थांबलं. मागून कोणीतरी खुसखुसलं.

त्याने मान वळवली. "थांब रे, वाचतोय ना मी."

आणि बोट पुढे सरकलं.