प्रत्यारोपणाआधीची मुलाखत : एमए करू की एमएसडब्ल्यू?

प्रश्न : मी लातूरला टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. किडनी किंवा लिव्हर बदलण्याआधी रुग्णाची आणि घरच्यांची मुलाखत होते असं कळलं. हे काम करायचं तर एमए सायकॉलॉजी करू की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी)? रुग्णाला ‘नापास’ करावं लागतं का?

उत्तर : ‘नापास’ हा शब्द आधी डोक्यातून काढ. ऑपरेशननंतर हा माणूस कुठे अडखळेल ते हेरायचं आणि ती अडचण आधीच सोडवायला घ्यायची, हे या मुलाखतीचं काम. सोबतीला कोणी नाही, दारू सुटलेली नाही, औषधाला पैसे नाहीत अशा कारणांनी प्रत्यारोपण लांबतं. कायमचा नकार त्यामानाने कमी.

यासाठी ‘सिपॅट’ नावाची मोजपट्टी आहे. 18 मुद्दे, चार भाग : रुग्णाची तयारी, घरचा आधार, मानसिक स्थैर्य, राहणीमान आणि व्यसनं. गुण जास्त म्हणजे धोका जास्त. आपल्याला परीक्षेची सवय, त्यामुळे नवखा माणूस हे हमखास उलटं वाचतो.

पण खरी कसोटी विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ म्हटलं की सगळेच हो म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात कोणती गोळी किती वेळा राहिली?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. मग डायलिसिसच्या नोंदी पाहायच्या : किती पाळ्या चुकल्या, दोन पाळ्यांच्या मध्ये वजन किती वाढलं. पाण्याचं पथ्य पाळलं जातंय की नाही, ते वजनच सांगतं. हे एवढं खोदायचं कारण म्हणजे टॅक्रोलिमससारखी गोळी सहसा दर 12 तासांनी, नवी किडनी चालेल तोवर घ्यावी लागते. ती चुकत राहिली की शरीर किडनी नाकारतं.

पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली नुसती बेरीज करून वाचू नये. थकवा, झोप उडणं, भूक मरणं ही किडनीच्या आजाराचीही लक्षणं आहेत. कशातच मन न लागणं आणि जगणं नकोसं होणं, या उत्तरांकडे वेगळं लक्ष दे. लिव्हरच्या रुग्णाला वार-तारीख सांगता येत नसेल तर मुलाखत तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. तो एन्सेफॅलोपथीचा, म्हणजे लिव्हर बिघडल्याने मेंदूच्या कामात येणाऱ्या गोंधळाचा, परिणाम असू शकतो.

अवयव देणाऱ्या दात्याशी मात्र घरचं कोणी जवळ नसतानाच बोलायचं. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच जास्त. सासू दारात उभी असताना सून ‘माझ्या मर्जीने देते’ असंच म्हणणार! तिला नको असेल तर घरच्यांना ‘दाता म्हणून योग्य नाहीत’ एवढंच सांगता येतं; कारण तिच्यापाशीच राहतं.

आता शिक्षणाचं. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, जागा मोजक्या असतात. अभ्यासक्रमांची रचनाही बदलते आहे, तेव्हा प्रवेशाच्या वर्षाची यादी पाहूनच ठरव. चाचण्या आणि थेरपीचीच ओढ असेल तर ही वाट धर.

तुझा कल घर, पैसा, नाती यांकडे असेल तर एमएसडब्ल्यू, वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य हा विषय घेऊन. मला तुझ्यासाठी हीच वाट सोयीची वाटते. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईतलं निर्मला निकेतन आणि टाटा समाजविज्ञान संस्था इथे चौकशी कर. फील्डवर्कला डायलिसिस युनिट मागून घे. अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांनुसार नोंदणीकृत प्रत्यारोपण रुग्णालयात समन्वयक, म्हणजे प्रत्यारोपणाची जुळवाजुळव पाहणारा माणूस, लागतोच. त्यासाठी कोणतीही पदवी चालते, समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला प्राधान्य आहे. समन्वयकाचं प्रशिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं रोटो-सोटो (अवयव प्रत्यारोपणाचं प्रादेशिक आणि राज्य केंद्र) आणि अवयवदानासाठी काम करणारी मोहन फाउंडेशन ही संस्था देतात.

नोकरी घेण्याआधी घरी एक गोष्ट बोलून ठेव : समन्वयकाला रात्री-अपरात्री फोन येतो. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात, आणि त्या रुग्णाच्या नातेवाइकांशी अवयवदानाबद्दल बोलायला बहुधा तुलाच जावं लागेल.