भिंतीत सॉकेट एकच

प्रश्न : हॉस्टेलच्या खोलीत नेटचं एकच सॉकेट आहे. नेटवर्क स्विच (एका वायरीवरून अनेक उपकरणं जोडणारा डबा) आणून लॅपटॉप, टॅब, प्रिंटर जोडले; पण नेट फक्त लॅपटॉपलाच मिळतं. काय करू?

उत्तर : सॉकेट बहुधा एकाच मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, ओळखतं. स्विचमागची उपकरणं त्याला वेगवेगळीच दिसतात. राउटर मात्र सगळ्यांना आपल्या एका पत्त्यामागे झाकतो. म्हणून स्विचऐवजी तो लावा आणि त्यात ‘मॅक क्लोन’ करून लॅपटॉपचा मॅक पत्ता द्या. आधी परवानगी विचारा, काही ठिकाणी राउटरला बंदी असते. आणि भिंतीची वायर राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्येच! विद्यार्थिदशेत मी ती घाईत ‘लॅन’मध्ये (खोलीतली उपकरणं जोडायच्या पोर्टमध्ये) खुपसली. माझा राउटर अख्ख्या मजल्याला स्वतःचे, १९२.१६८ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कमधले उपकरणांचे क्रमांक) वाटत सुटला; ते हॉस्टेलच्या नेटवर्कचे नसल्याने सगळ्यांचं नेट गेलं. तेही परीक्षेच्या आदल्या रात्री. दार ठोठावणाऱ्यांत सीनियर्सही होते.