गॅरेजच्या पायरीवरून : ट्रामच्या रुळात अडकलेली गाडी

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं, की दर शनिवारी चौघं मित्र जमून जुन्या गाड्यांचे सिनेमे बघता. आम्हीही पाच फियाटवाले एकत्र येतो. शर्यतीचे दोन सिनेमे लावले, पण तासाभरात जांभया सुरू झाल्या. सुरुवात कशाने करावी? – एक वाचक, नाशिक

शर्यतीच्या सिनेमात गाडी बंद पडत नाही. पडलीच तर पेटते. ज्यांची निम्मी जवानी बॉनेटखाली वाकून गेली, त्यांना त्यात स्वतःचं काय सापडणार? तुम्ही १९५३चा ब्रिटिश सिनेमा ‘जेनेव्हिएव्ह’ लावा.

जेनेव्हिएव्ह हे बाईचं नाव वाटतं, पण ती आहे १९०४ची डराक नावाची फ्रेंच मोटार, दोन सिलिंडरची, लाकडी आऱ्यांची. लंडन ते ब्रायटन अशी जुन्या गाड्यांची फेरी दर नोव्हेंबरात निघते. १९०५च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच त्यात मान. तिचं मूळ १४ नोव्हेंबर १८९६चं. त्याआधी इंग्लंडात मोटारीच्या पुढे एक माणूस पायी चालवावा लागे. नवा कायदा आला, तो माणूस घरी गेला आणि ताशी १४ मैलांची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरची मोकळीक मिळाली. त्या आनंदात मंडळी ब्रायटनला निघाली होती. (२२चा वेग आज लक्ष्मी रस्त्यावर मिळाला तर मीही मिरवणूक काढीन.)

सिनेमात दोन मित्र आहेत. एकाची डराक, दुसऱ्याची तशीच जुनी डच मोटार, स्पायकर. ब्रायटनला पोचल्यावर दोघांची जुंपते आणि शंभर पौंडांची पैज लागते, की परतताना वेस्टमिन्स्टरच्या पुलावर आधी कोण? बाकी सगळा सिनेमा म्हणजे हँडल मारणं, धक्का देणं, एकमेकांच्या गाडीत खोड्या करणं आणि वैतागलेल्या बायका. आमच्या सौ. पहिल्यांदा नाइलाजाने बसल्या होत्या. हॉटेलातला ट्रम्पेटचा प्रसंग झाला, तेव्हापासून त्याच पुन्हा लावायला सांगतात.

सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा, त्यामुळे शेवट सांगितला तर पाप नाही. स्पायकरची चाकं ऐन वेळी ट्रामच्या रुळात अडकतात आणि गाडी मालकाला घेऊन भलतीकडेच चालू लागते. लंडनची ट्राम १९५२ साली बंद झाली, पण रूळ उरले होते. मी पहिल्यांदा बघताना खुर्चीतून उठलोच. आमचं गॅरेज दादरला. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला थांबली, त्याआधी वडील एकदा सायकलचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत घालून सपशेल आडवे झाले होते. त्यांच्या कोपराला खूण होती. हा किस्सा मी लहानपणी शंभर वेळा ऐकला आणि तो खरा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मित्रांत भाव खाता येईल. डराक चालवणारा नट जॉन ग्रेगसन याला चित्रीकरण सुरू झालं तेव्हा गाडीच चालवता येत नव्हती. आता त्याचे खांदे बघा, मग कळतं. आणि पूर्ण सिनेमाभर वाजणारा माउथऑर्गन लॅरी ॲडलरचा. अमेरिकेत तेव्हा डाव्या विचारांच्या कलावंतांवर बहिष्कार होता, म्हणून तिथल्या प्रतींवरून त्याचं नाव काढलं गेलं. संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही दुसऱ्याच्या नावावर. ही चूक पुढे सुधारली. दोन्ही गाड्या आज नेदरलँड्समध्ये, हेगच्या लाऊमन संग्रहालयात आहेत. मी काही गेलेलो नाही. काचेमागची, न गळणारी डराक बघून मला काय करायचंय!

आजोबा, जुन्या सिनेमात गाडी पुढे जाते आणि चाकं उलटी का फिरतात? – इयत्ता सातवी, कोल्हापूर

शाब्बास. चाकाला बारा आरे आहेत असं धर. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात प्रत्येक आरा बरोबर पुढच्या आऱ्याच्या जागी गेला, तर आपल्याला काहीच हललेलं दिसणार नाही. त्यासाठी चाक सेकंदाला दोन वेळा फिरायला हवं. चाकाचा घेर सव्वादोन मीटर असेल, तर गाडीचा वेग झाला ताशी साधारण १६ किलोमीटर. वेग याहून जरासा कमी असला, की आरा पुढच्याच्या जागेपर्यंत पोचतच नाही, थोडा मागे राहतो आणि डोळ्याला वाटतं, चाक उलटं फिरतंय. पंख्याचा वेग वाढताना तुझ्या मोबाइलने चित्रित करून बघ.

मूकपटातली माणसं तुरुतुरु का पळतात हेही विचारशील, म्हणून सांगतो. सेकंदाला सोळाएक चित्रं घेतलेली फिल्म चोविसाच्या गतीने दाखवली, की सगळं दीडपट होतं.

आमची १९७८ची पद्मिनी आहे. एका निर्मात्याला १९७२मध्ये घडणाऱ्या सिनेमासाठी ती भाड्याने हवी आहे. ‘व्हिंटेज’ नोंदणी करून घेऊ का? – ठाणे

घाई करू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, म्हणजे तुमची पाळी २०२८ला. शिवाय ती नोंदणी झाली, की रोजच्या कामाला किंवा धंद्यासाठी गाडी रस्त्यावर काढता येत नाही. भाडं मिळवायचं तर साधा नंबरच बरा.

निर्मात्याला मात्र सांगा, की ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ साली आलं. मागची नावाची पट्टी तरी काढा म्हणावं. आमच्यासारखे चार खडूस थेटरात असतातच.

आजोबांच्या ट्रंकेत आठ मिलिमीटरच्या फिल्मची सहा रिळं मिळाली. डबीवर ‘नवी गाडी, १९५८’ असं लिहिलंय. ती डुक्कर फियाट असणार, असं आई म्हणते. डबा उघडला की लोणच्यासारखा आंबट वास येतो. प्रोजेक्टर कुठे मिळेल? – सातारा

प्रोजेक्टर शोधू नका. हे आधी वाचा.

तो वास व्हिनेगरचा आहे. फिल्मची पट्टी ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणाने ती कुजू लागते आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही, गारव्यात आणि कोरड्या हवेत फक्त मंदावतं. वास येणारी रिळं बिनवासाच्या रिळांपासून आजच वेगळी करा, कारण ती शेजारच्यांनाही बिघडवतात. पट्टी आकसलेली असते, त्यामुळे प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाही, फाटते. एकेक चौकट स्कॅन करून देणारे आहेत, त्यांच्याकडे द्या आणि आकसलेली पट्टी चालेल का, हे आधी विचारा. फिल्म कोडाक्रोम या रंगीत जातीची असेल, तर रंग अजून ताजे निघतील.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. आमच्याकडे एकच रीळ होतं, काकांनी घेतलेलं. १९९४च्या दिवाळीत मी कुणाचा तरी प्रोजेक्टर मागून आणला, भिंतीवर चादर लावली. सगळं घर जमलेलं. वडील आमच्या फियाटचं बॉनेट वर करून आत वाकलेले दिसले, आई दाराशी डबा घेऊन उभी. वडील वळून कॅमेऱ्याकडे बघणार, तेवढ्यात पट्टी अडकली. दिव्याच्या उष्णतेने चौकटीच्या मधोमध तपकिरी डाग उमटला, फुगला आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला. आई स्वयंपाकघरात गेली. मी उरलेली पट्टी हातानेच गुंडाळली, तीही उलटी.