वेव्ह नाही, तर व्हाइट पॉकेट

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत आलो आहोत. ॲरिझोनातल्या ‘वेव्ह’ खडकासाठी सोडतीत नाव घातलं, नंबर लागला नाही. शेजारच्या व्हाइट पॉकेटला परवाना लागत नाही, भाड्याच्या गाडीने जाऊन येऊ, असं मुलगा म्हणतो. आम्ही दोघंही साठी ओलांडलेले. जावं का?

उत्तर : जरूर जा, पण ती गाडी घेऊन नको. परवाना लागत नाही हे खरं, मात्र त्याचं काम तिथली वाळू करते. शेवटच्या टप्प्यात रस्ता म्हणजे नुसती खोल, भुसभुशीत वाळू. उंच, फोर व्हील ड्राइव्ह गाडी आणि टायरमधली हवा उतरवून चालवायचा सराव हवा. कोरड्या उन्हाळ्यात वाळू जास्तच दगा देते. फोनला रेंज नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात असे रस्ते बहुधा वगळलेले असतात; म्हणजे ओढून आणायचा खर्च तुमच्याच माथी. युटातलं कनॅब किंवा ॲरिझोनातलं पेज, या जवळच्या गावांतून गाइड गाडीसकट मिळतात. तिथे पैसे वाचवू नका.

वेव्हला दिवसाला ६४ जणांनाच सोडतात. त्यातल्या १६ जागांची सोडत दोन दिवस आधी निघते. त्या परिसरात असाल तर मोबाइलवरून पुन्हा नाव घालता येईल. पण तिथे जाऊन-येऊन दहा किलोमीटर चाल, आखलेली वाट नाही, सावली जवळजवळ नाही. २०१३ च्या जुलैत तिथे उन्हाने माणसं दगावली आहेत. व्हाइट पॉकेटला गाडीतून उतरलात की थोड्याच अंतरावर खडक सुरू. तुमच्या वयाला (माझ्याही) हेच बरं.

आणि खरं सांगू? मला व्हाइट पॉकेटच जास्त आवडलं. वरचा पांढरा थर भेगांनी असा चिरलेला, की फ्लॉवरचे गड्डे मांडून ठेवल्यासारखं वाटतं. खाली तांबडे-पिवळे पट्टे, पण सरळ एकही नाही. दुमडलेले, पिळलेले, मध्येच तुटलेले. हा नवाहो वालुकाश्म, ज्युरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्यांचा. वाळू अजून दगड झाली नव्हती, पाण्याने भिजलेली होती, तेव्हाच ती घसरली, कालवली गेली आणि तशीच घट्ट झाली. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. जमिनीखालच्या पाण्याने ते लोह जिथून धुऊन नेलं, तिथे खडक पांढरा. एका पट्ट्यावर बोट ठेवून तो कुठे जातो ते बघत चला, अर्धा तास सहज जातो.

खडकाभोवतीच्या मातीवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल. तो जिवंत असतो, त्यावर पाय देऊ नका. वाटेत व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यांकडे दुर्बीण लावा; १९९६ पासून तिथे कॅलिफोर्निया काँडोर ही गिधाडं सोडतात, पंखांवरच्या क्रमांकाच्या बिल्ल्यांवरून ओळखू येतात.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर गाठा. माणशी चार लिटर पाणी गाडीत असू द्या. आणि हो, उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. कनॅबचा गाइड ‘सकाळी सातला निघू’ म्हणाला, तर कुठले सात ते आधी विचारून घ्या.